हद्दीपलीकडची वर्दी

कल्याणहून बदलापूरकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलेल्या माणसाला एक शहर कधी संपले आणि दुसरे कधी सुरू झाले, हे खिडकीतून कळत नाही. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके येत राहतात आणि इमारतींची रांग फारशी तुटत नाही. कारभाराच्या नकाशावर मात्र तेवढ्याच अंतरात दोन महापालिका आणि दोन नगरपरिषदा आहेत. मध्ये औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती आहेत आणि रुळांपासून थोडे आत गेले की ग्रामपंचायती लागतात. साऱ्या मुंबई महानगर प्रदेशाची हीच रचना आहे. सुमारे ६,३०० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात बृहन्मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल अशा नऊ महापालिका आहेत. त्याखेरीज नगरपरिषदा आणि शेकडो गावे. आग विझवण्याचे काम ज्या त्या स्थानिक संस्थेचे. त्यामुळे प्रत्येकीचे दल वेगळे, नियंत्रण कक्ष वेगळा, भरती वेगळी आणि गाड्यांची खरेदीही वेगळी. मुंबईचे दल मोठे, जुने आणि अनुभवी आहे. त्याच्या भोवती पसरलेली, लोकवस्तीच्या मानाने लहान राहिलेली उपनगरी दले हा या प्रकरणाचा विषय आहे.

या दलांबद्दल बोलताना चर्चा बहुधा यंत्रांपासून सुरू होते. शिडी किती मजल्यांपर्यंत पोहोचते, बंब किती जुना आहे, नवी गाडी कधी येणार, एवढ्यावर सभागृहातले भाषण आणि वर्तमानपत्रातली बातमी संपते. यंत्रे लागतातच. पण छोट्या दलाचे बळ ठरवणाऱ्या गोष्टींचा क्रम लावायचा झाला, तर पहिला क्रमांक वर्दी येताच गाडीवर बसणाऱ्या प्रशिक्षित माणसांचा लागतो, दुसरा शेजारच्या दलाशी आधीच ठरवून ठेवलेल्या सहकार्याचा, आणि यंत्राचा त्यानंतर. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा लावला जातो, आणि पैसा खर्च होऊनही ही दले दुबळी राहण्याचे मुख्य कारण तेच आहे.

ही दले विखुरलेली का राहिली याचे उत्तर कायद्यात आणि शहरांच्या वाढीत आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील अशी कामे दिली आहेत. त्यांत पाणीपुरवठा आणि रस्ते यांच्याबरोबर अग्निशमन सेवाही आहे. महाराष्ट्राने २००६ साली आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा केला आणि तो डिसेंबर २००८ पासून लागू झाला. या कायद्याने इमारतींच्या मालकांवर आणि वापरणाऱ्यांवर कर्तव्ये घातली, राज्य पातळीवर संचालकांची यंत्रणा उभी केली. पण प्रत्यक्ष बंब, केंद्र आणि जवान पुरवण्याचा भार स्थानिक संस्थेकडेच राहिला. हा भार उचलणारी संस्था आणि तिच्या हद्दीतली वस्ती यांची वाढ एका गतीने झाली नाही. बदलापूरची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत लाखाच्या थोडी आत होती, ती २०११ साली पावणेदोन लाखांच्या जवळ गेली. अंबरनाथ अडीच लाखांवर आणि वसई-विरार बारा लाखांवर पोहोचले. त्यानंतरच्या वर्षांत तर या पट्ट्यात वीस-वीस मजल्यांचे मनोरे उभे राहिले. देशाच्या स्थायी अग्नि सल्लागार समितीचे मापदंड शहरी भागात साधारण दर दहा चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे असे सांगतात. इमारतीला परवानगी देणाऱ्या खात्याने त्या वाढीबरोबर विकास शुल्क गोळा केले. अग्निशमन केंद्रासाठी आरक्षित भूखंड मात्र बरेचदा आराखड्यावरच राहिले, आणि केंद्र बांधून झाले तरी त्यात बसायला माणसे कुठून आणायची हा प्रश्न उरला.

माणसांचा हिशेब एकदा नीट मांडून पाहण्यासारखा आहे, कारण तो पाहिल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. एका बंबावर प्रमुख अग्निशामक, चालक-यंत्रचालक आणि चार अग्निशामक अशी सहा माणसे धरू. आग वेळापत्रक पाळत नाही, म्हणून या सहा जागा आठवड्याचे १६८ तास भरलेल्या हव्यात. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो असे धरले, तर एका जागेला साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, सण आणि प्रशिक्षण यांत वेळेचा पाचवा हिस्सा जातो असे मानले, की हा आकडा साडेचारच्या जवळ येतो. म्हणजे एक बंब दिवसरात्र पूर्ण बळाने रस्त्यावर आणायला सव्वीस-सत्तावीस माणसे हवीत. दोन बंब, एक बचाव गाडी आणि फोन घेणारा नियंत्रण कक्ष चालवायचा तर पाऊणशे ते ऐंशी. याच माणसांना झाडे पडली की जावे लागते, मांज्यात अडकलेला पक्षी सोडवावा लागतो, पावसाळ्यात पुरातून माणसे काढावी लागतात, विसर्जनाच्या रात्री तलावाकाठी उभे राहावे लागते. लाख-दोन लाख वस्तीच्या नगरपरिषदेच्या मंजूर आकृतिबंधात एवढी पदे बसवणे अवघड असते आणि मंजूर पदेही सगळी भरलेली असतील असे नाही. परिणाम असा होतो की कागदावर तीन गाड्या असतात, पण रात्री दोन वाजता त्यांतली एकच गाडी पुऱ्या माणसांनिशी निघू शकते. अशा वेळी दुसरी गाडी चालक आणि एक-दोन जवान घेऊन निघते. रस्त्यावरून जाताना ती बघणाऱ्याला बंब गेला असेच वाटते.

दोन माणसांचा बंब आणि चार माणसांचा बंब यांत फरक किती, याचे मोजलेले उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१० साली एका दुमजली घराच्या आकाराच्या बांधकामावर प्रयोग करून अहवाल दिला. आगीच्या जागी करायच्या बावीस कामांची यादी केली: नळी पसरणे, शिडी लावणे, धूर बाहेर काढणे, अडकलेल्यांचा शोध घेणे वगैरे. गाडीमागे दोन, तीन, चार आणि पाच माणसे ठेवून प्रत्येक वेळी घड्याळ लावले. चार माणसांच्या तुकड्यांनी दोन माणसांच्या तुकड्यांपेक्षा ही सगळी कामे ३० टक्के कमी वेळात संपवली आणि तीन माणसांच्या तुकड्यांपेक्षा २५ टक्के कमी वेळात. गाडी, पंप, पाणी तेच होते. बदलली होती ती माणसांची संख्या. आगीच्या जागी या वेळाला किंमत किती, तेही मोजलेले आहे. अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने दोन खोल्या शेजारी शेजारी पेटवून पाहिल्या. जुन्या पद्धतीच्या लाकडी-सुती सामानाची खोली पूर्ण पेट घ्यायला सुमारे एकोणतीस मिनिटे लागली. फोम आणि प्लास्टिकच्या आजच्या सामानाच्या खोलीला चार मिनिटेही लागली नाहीत. आपल्या उपनगरांतल्या दीड-दोन खोल्यांच्या घरात सोफा, गाद्या, पडदे आणि प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, त्यामुळे दुसरी खोली आपलीच समजायला हरकत नाही.

माणूस कमी असला की वेग कमी होतो, एवढ्यावर हे थांबत नाही. काही कामे मुळात करताच येत नाहीत. धुराने भरलेल्या खोलीत जाणाऱ्याने श्वसनसंच लावून, जोडीनेच जायचे असते, आणि ती जोडी अडचणीत आली तर आत शिरायला दुसरी जोडी बाहेर सज्ज हवी. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत १९९८ पासून हे बंधन स्पष्ट शब्दांत आहे. ते तिथले बंधन असले तरी धुराचा गुण सगळीकडे सारखाच. श्वसनसंचाच्या सिलिंडरमधली हवा कागदावर पाऊण तास पुरते. शिड्या चढत, वजन ओढत काम केले तर ती अर्ध्या तासाच्या आत संपते. म्हणजे आत गेलेल्या जोडीला काही वेळाने बदली लागते. बंबाच्या टाकीत साधारण साडेचार हजार लिटर पाणी असते. मिनिटाला साडेचारशे लिटर सोडणाऱ्या दोन नळ्या लावल्या तर ते पाच मिनिटांत संपते, म्हणून टँकरची फेरी सांभाळायलाही कुणी तरी हवे. तीन माणसांनी हे करायचे ठरवले तर कुणी तरी एकटाच आत जातो. दरवर्षी १४ एप्रिलला आपण १९४४ सालच्या मुंबई गोदीतल्या स्फोटात मरण पावलेल्या ६६ अग्निशमन जवानांना वंदन करतो आणि त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह पाळतो. या स्मरणाला अर्थ यायचा असेल, तर आज रात्री कामावर असलेल्या जवानाला एकट्याने धुरात शिरावे लागू नये याची तजवीज त्या आठवड्याच्या कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यांत वर हवी.

असे असताना यंत्रांना पैसा आणि माणसांना तंगी असे का होते? याचा दोष कुणा एका अधिकाऱ्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही, कारण पैशाच्या वाटाच तशा आखलेल्या आहेत. शासनाचे अनुदान बहुतेक भांडवली खर्चासाठी मिळते. पंधराव्या वित्त आयोगाने अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी देशभरात मिळून ५,००० कोटी रुपयांची तरतूद सुचवली आणि केंद्राने २०२३ साली त्यासाठी योजना सुरू केली. ही मोठी आणि स्वागतार्ह गोष्ट आहे. पण एकदाच मिळणाऱ्या पैशातून गाडी घेता येते, तीस वर्षे द्यायचा पगार देता येत नाही. पगार येतो महसुली उत्पन्नातून, आणि तिथे आस्थापना खर्चाच्या मर्यादेची कात्री लागते. मग जवान ठेक्याने घेण्याचा मार्ग निघतो. ठेक्यावरचा जवान कामाला कमी असतो असे मुळीच नाही. जीव त्याचाही तेवढाच पणाला लागतो. पण वर्ष-दोन वर्षांनी ठेका बदलला की त्याच्याबरोबर गल्ल्यांची, व्हॉल्व्हांची, कारखान्यांतल्या टाक्यांची माहितीही निघून जाते. काही वर्षांपूर्वी केंद्रीय गृहमंत्रालयासाठी झालेल्या देशव्यापी पाहणीत मापदंडांच्या तुलनेत गाड्यांची तूट सुमारे ८० टक्के आणि मनुष्यबळाची सुमारे ९६ टक्के दाखवली होती. मापदंड आदर्श धरले की आकडे असे भयंकर येतात, त्यामुळे त्यांच्या आकारापेक्षा त्यांच्यातला फरक पाहावा. गाड्यांमध्ये आपण जेवढे मागे आहोत, त्यापेक्षा माणसांत बरेच जास्त मागे आहोत.

यावर कुणी म्हणेल की उंच इमारती झाल्यावर उंच शिडीला पर्याय नाही. अर्धी बाब खरी आहे. मुंबईच्या दलाकडे नव्वद मीटरपर्यंत जाणारी शिडी आहे. अशी गाडी काही कोटींची असते, तिला भक्कम आणि रुंद जागा लागते, आणि ती चालवायला खास शिकलेली माणसे लागतात. उपनगरातल्या सोसायटीच्या आवारात दुतर्फा मोटारी उभ्या असताना तिचे पाय टेकवायलाही जागा मिळत नाही. वीस मजली इमारतीचा खरा बचाव तिच्या स्वतःच्या पाण्याच्या नळांत, पंपांत, फवाऱ्यांत आणि मोकळ्या जिन्यात आहे. त्यांची तपासणी करायला पुन्हा माणसेच लागतात. आणि शिडी घ्यायचीच असेल, तर प्रत्येक छोट्या शहराने एक घेण्यापेक्षा चार शहरांनी मिळून एक घेतली, ती मध्यावर ठेवली आणि चालवणारी पथके पूर्ण ठेवली, तर ती जास्त वेळा कामी येईल. इथून आपण सहकार्याच्या प्रश्नाकडे येतो.

सहकार्य आपल्याकडे नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला आणि बारा माणसे गेली. त्याच वसाहतीत २३ मे २०२४ला अमुदान कंपनीत स्फोट झाला. अशा प्रसंगी कल्याण-डोंबिवलीच्या आणि औद्योगिक महामंडळाच्या बंबांबरोबर आसपासच्या शहरांचे बंबही धावून येतात. भिवंडीभोवतीची गोदामे बहुतांशी ग्रामपंचायतींच्या जमिनींवर आहेत. तिथे आग लागली की भिवंडी महापालिकेचा बंब हद्द न बघता निघतो, आणि आग वाढली की ठाणे, कल्याणहूनही गाड्या येतात. वर्दी आली की हद्द दाखवून मागे फिरणे हे अग्निशमन दलाच्या वृत्तीतच नाही. अडचण मदतीच्या पद्धतीत आहे. ही मदत मागावी लागते. आधी स्थानिक दलाची गाडी पोहोचते. तिच्यावरचा अधिकारी आग पाहतो आणि आपल्याने हे आवरणार नाही असा निर्णय घेतो. तो नियंत्रण कक्षाला कळवतो, कक्ष शेजारच्या शहरात फोन लावतो, तिथला अधिकारी वरिष्ठांना विचारतो, आणि मग गाडी निघून शिळफाट्याच्या किंवा कल्याण-भिवंडी रस्त्याच्या कोंडीत शिरते. या साखळीतला प्रत्येक माणूस आपले काम चोख करत असतो, तरी मिनिटे जातातच. मघाच्या प्रयोगातली खोली चार मिनिटांच्या आत पेटली होती, हे इथे आठवावे.

हद्दी स्वतःही स्थिर नाहीत. कल्याणजवळची २७ गावे १९८३ साली महापालिकेत गेली, २००२ साली बाहेर आली आणि २०१५ साली पुन्हा आत गेली; २०२० साली त्यांतली अठरा वगळण्याचा निर्णय झाला आणि तो उच्च न्यायालयात टिकला नाही. या गावांच्या प्रशासनाबद्दल राजकीय मते काहीही असोत, तिथल्या चाळीतल्या माणसाला इतकेच हवे असते की सगळ्यांत जवळचा बंब आपल्याकडे यावा. कुठल्या वर्षी गाव कुठल्या पालिकेत होते यावर ते अवलंबून असू नये.

मदत मागून मिळवणे आणि मदत आपोआप निघणे यांतला फरक जगाने बरीच किंमत मोजून शिकून घेतला आहे. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराचा व्यापारी भाग सुमारे तीस तास जळत राहिला आणि दीड हजारांवर इमारती गेल्या. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब आगगाडीने आले. पण प्रत्येक शहराच्या नळीच्या सांध्याचे आटे वेगळे असल्याने आलेल्या अनेकांना तिथल्या पाण्याच्या तोट्यांना नळी जोडता येईना. त्यानंतर राष्ट्रीय मानक ठरले. तरीही १९९१ साली कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर आग भडकली तेव्हा बाहेरून आलेल्या दलांना तिथल्या तोट्यांचा वेगळा आकार नडला. त्या आगीत २५ माणसे गेली. भारताची स्थिती या बाबतीत बरी आहे. इंग्रजी पद्धतीचा झटकन बसणारा सांधा आपल्याकडे भारतीय मानकात आला आणि तो देशभर रूढ झाला, त्यामुळे अंबरनाथची नळी ठाण्याच्या पंपाला सहसा लागते. पण एकत्र काम करायला नळीचा सांधा जुळणे पुरेसे नसते. दोन दलांचे वायरलेस एकमेकांशी बोलतात का, आलेल्या पाहुण्या दलाने कुणाचा हुकूम मानायचा, आत कोण कोण गेले आहे याची पाटी कुणाकडे, जवळची पाण्याची टाकी कुठे, कारखान्यात कोणते रसायन आहे आणि त्यावर पाणी मारायचे की फेस, हे आधी ठरलेले नसेल, तर दहा बंब जमूनही त्यांचे दहा वेगळे कारभार चालतात.

हे आधी ठरवण्याच्या दोन चांगल्या पद्धती अमेरिकी उपनगरांत अनेक दशके चालू आहेत. शिकागोभोवतीच्या इलिनॉय राज्यातल्या छोट्या दलांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी परस्परमदतीची एक रचना सुरू केली. तिच्यात प्रत्येक भागासाठी एक कार्ड आधीच लिहून ठेवलेले असते. आग पहिल्या पायरीची असेल तर कोणत्या गावची गाडी जाईल, दुसऱ्या पायरीला कोणत्या, आणि त्या गेल्यावर त्यांच्या रिकाम्या केंद्रात येऊन कोण बसेल, हे त्यावर असते. अधिकाऱ्याने फक्त पायरी सांगायची. पुढे ही रचना राज्यभर पसरली. ॲरिझोनातल्या फिनिक्स आणि आसपासच्या शहरांनी १९७० च्या दशकात त्याही पुढे जाऊन शहरांच्या हद्दी वर्दीच्या कामापुरत्या पुसूनच टाकल्या. तिथे फोन कुठूनही आला तरी सगळ्यांत जवळची मोकळी गाडी निघते, मग तिच्यावर नाव कुठल्याही शहराचे असो. दोन्हीकडे दले स्वतंत्र राहिली, त्यांचे प्रमुख वेगळे राहिले, अर्थसंकल्प वेगळे राहिले. एक झाल्या त्या वर्दी स्वीकारण्याची, गाडी पाठवण्याची आणि आगीच्या जागी हुकूम देण्याची पद्धत.

आपल्या मातीत अशी पद्धत रुजेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी आपल्याच औद्योगिक पट्ट्यांकडे पाहावे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांनी परस्परसाह्य गट उभे केले आहेत. एकाकडचा फेस, दुसऱ्याकडचे वायूरोधक संच, तिसऱ्याकडची रुग्णवाहिका यांची यादी आधी केलेली असते आणि सराव होतात. धंद्यात एकमेकांचे स्पर्धक असलेल्या कंपन्यांना जे जमते, ते एकाच राज्याच्या कायद्याखाली चालणाऱ्या शेजारच्या दोन महापालिकांना जमू नये असे काही नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सगळ्यांत रास्त आक्षेप असा, की आमची गाडी शेजारी गेली आणि इथे आग लागली तर? याचे उत्तर कार्डाच्या पद्धतीत आहे: गाडी निघताना तिची जागा भरायला मागची गाडी पुढे सरकते. मदत मागून घेण्याच्या आजच्या पद्धतीतही गाड्या जातातच. फक्त मागे काय उरले याचा हिशेब कुणी ठेवत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. आमच्या करदात्याच्या पैशातून दुसऱ्या शहराची आग का विझवायची? वर्षाअखेर कुणी किती तास दिले आणि घेतले याची नोंद ठेवून, मोठा फरक राहिला तर तो पैशांत भागवण्याचे कलम करारात घालता येते. याच्याशी जोडलेला एक धोका मात्र खरा आहे आणि तो लपवू नये. शेजारी येतातच म्हटल्यावर एखादे शहर स्वतःची भरतीच थांबवील. म्हणून करारात शिरण्याची अट किमान मनुष्यबळाची हवी: प्रत्येक पाळीत इतके प्रशिक्षित जवान कामावर असलेच पाहिजेत, नाही तर त्या तुटीची रक्कम सामाईक निधीत भरा. माणसांची जागा सहकार्याने भरून निघत नाही. दुबळ्या दहांची बेरीज झाली तरी पहिल्या पाच मिनिटांत पोहोचणारा एकच असतो.

तिसरा आक्षेप दुसऱ्या टोकाचा आहे. एवढे करार करण्यापेक्षा सगळी दले मोडून राज्याचे किंवा महानगराचे एकच दल का करू नये? याचा सगळ्यांत मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. १९३९ नंतर बॉम्बवर्षावात गावोगावच्या दलांना एकमेकांच्या मदतीला जावे लागले, तेव्हा वेगवेगळी साधने, वेगवेगळी पदे आणि वेगवेगळे हुकूम यांनी गोंधळ झाला. ऑगस्ट १९४१ मध्ये सुमारे १,६०० स्थानिक दले एका राष्ट्रीय सेवेत विलीन करण्यात आली. एका देशव्यापी कवायतीखाली, एकाच पदरचनेत हे दल युद्ध संपेपर्यंत लढले. पण १९४८ साली ते पुन्हा स्थानिक संस्थांकडे सोपवले गेले. फरक इतकाच की ते जुन्या सोळाशे तुकड्यांकडे न जाता परगणे आणि मोठ्या शहरांकडे गेले, आणि सामाईक पद्धती टिकून राहिल्या. यातून निघणारा धडा मध्यम मार्गाचा आहे. फार लहान दल टिकत नाही, हे तिथे मान्य झाले. स्थानिक ओळखही हवी, कारण कोणत्या गल्लीत गाडी वळत नाही आणि कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असते हे दूरच्या मुख्यालयाला ठाऊक नसते. उपनगरांतल्या शेजारच्या तीन-चार संस्थांनी मिळून एक नियंत्रण कक्ष, एक वायरलेस व्यवस्था, एक प्रशिक्षण मैदान आणि एक महागडी शिडी चालवणे हा आपल्याकडचा पहिला टप्पा होऊ शकतो. विलीनीकरण पुढे कधी करावेसे वाटले तर वाट मोकळी राहते, आणि तोवर कुणाच्या पदोन्नतीवर किंवा सेवाज्येष्ठतेवर गदा येत नाही.

एक आक्षेप फारसा बोलला जात नाही, पण जवानांच्या दृष्टीने तो सगळ्यांत मोठा आहे. दुसऱ्या शहराच्या हद्दीत काम करताना जवान जखमी झाला, तर त्याचा उपचार, भरपाई, विमा कुणी द्यायचा? कायम जवानाचे उत्तर निदान त्याच्या सेवानियमांत शोधता येते. ठेक्यावरच्या जवानाचे उत्तर ठेकेदाराच्या कराराच्या बारीक अक्षरांत असते. सहकार्याचा कोणताही मसुदा लिहिताना हे कलम पहिल्या पानावर असायला हवे. हद्द ओलांडून जाणाऱ्या जवानाला कामावर असताना जे संरक्षण आपल्या शहरात आहे, ते संपूर्णपणे शेजारच्या शहरातही मिळेल, आणि ते देण्याची जबाबदारी त्याला पाठवणाऱ्या संस्थेची राहील, असे स्वच्छ शब्दांत लिहिल्याशिवाय त्याच्याकडून धावून येण्याची अपेक्षा करणे योग्य नाही.

पैशाने संपन्न देशातही माणसांचा प्रश्न सुटलेला नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. अमेरिकेच्या छोट्या गावांत आणि उपनगरांत आग विझवणारे बहुसंख्य लोक बिनपगारी स्वयंसेवक असतात. १९८४ साली असे जवळजवळ नऊ लाख स्वयंसेवक होते. २०२० साली ही संख्या पावणेसात लाखांच्या आसपास आली, आणि याच काळात मदतीच्या हाका काही पटींनी वाढल्या. कामासाठी रोज दूरच्या शहरात जाणाऱ्या माणसाला दुपारी गावातला भोंगा ऐकून धावता येत नाही. त्या गावांकडे चकचकीत गाड्या आहेत. दुपारी त्या चालवायला माणूस मिळत नाही. आपल्याकडे उलट चित्र आहे: प्रशिक्षण घेऊन भरतीच्या जाहिरातीची वाट पाहणारे तरुण महाराष्ट्रात आहेत, नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे, मुंबईत राज्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. अमेरिकेला जे माणूसबळ शोधावे लागते ते आपल्या दारात उभे आहे, आणि त्यासाठी महसुली खर्चात जागा करण्याचा निर्णय तेवढा बाकी आहे.

हा निर्णय महापालिकेच्या आणि नगरपरिषदेच्या सभागृहात होतो आणि नागरिकांनी विचारल्याशिवाय तो तिथे विषयपत्रिकेवर येत नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज करायला दहा रुपये लागतात. उपनगरात राहणाऱ्या प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने आपल्या शहराच्या अग्निशमन विभागाला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: गेल्या महिन्यात रात्रपाळीत रोज किती प्रशिक्षित जवान प्रत्यक्ष कामावर हजर होते, आणि शेजारच्या शहरांबरोबर मदतीचा लेखी करार व एकत्र सराव शेवटचा कधी झाला. नव्या बंबाच्या लोकार्पणाचे निमंत्रण येण्याआधी ही दोन उत्तरे हातात घ्या.